दोन फुटांवरच्या गाठी आणि नाचणारं कुसळ

साताऱ्यात लहान मुलांना निसर्ग दाखवायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं कासचं. बालवाडीच्या पालकसभेत दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "ताई, सप्टेंबरात कासला नेणार ना?" आम्ही नेत नाही. घाटाच्या वळणांनी मुलांना उलट्या होतात, हे एक. खरं कारण वेगळं आहे. कासचा सडा, म्हणजे तिथलं फुलांचं पठार, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथं पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, फुलांत बसायचं नाही, आणि ते योग्यच आहे. जांभ्या दगडावरचा मातीचा पातळ थर पायांखाली सहज उखडतो. पण तीन ते सहा वर्षांचं मूल डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त बघतं. त्याला उकरायला, हुंगायला, लोळायला चालेल अशी जागा हवी, आणि तीही पुन्हा पुन्हा जाता येईल अशी.

म्हणून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, बालवाडीपासून दहा मिनिटं चालत, दोन-अडीच गुंठ्यांचा एक तुकडा आम्ही धरला आणि जून ते मार्च दर बुधवारी तिथंच जात राहिलो. वीस मुलं, पाच मोठी माणसं. कल्पना काही आमची नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडला अनुताई वाघांबरोबर त्यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द तिथला. आमच्या मुलांना गुरं राखायची नाहीत, पण कुरण त्यांनाही लागतंच.

जागा निवडताना आम्ही सुंदर काय दिसतंय ते बघितलं नाही. दाट सावलीचं एक मोठं झाड, उकरता येईल अशी माती, थोडं गवत, मूल चढू शकेल असे दोन-चार दगड, आणि एका माणसाला एका जागी उभं राहून सगळा तुकडा दिसेल इतकाच विस्तार. विहीर, कॅनॉल, दरड, गाड्यांचा रस्ता जवळ असेल तर ती जागा कितीही चांगली असली तरी सोडून द्यायची. जमीन वनखात्याची असेल तर वनरक्षकाला, गावाची असेल तर ग्रामपंचायतीला, खासगी असेल तर मालकाला आधी विचारायचं. मालक बहुतेक वेळा हो म्हणतात. त्यांची अट एकच असते, पिकात पोरं शिरायला नकोत.

सांगलीकडच्या मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मुलांना नदीकाठी न्यायचा मोह होतो, पण कृष्णेत भिलवडी-औदुंबर पट्ट्यात आणि सांगलीजवळही मगरी आहेत. पाण्याजवळचा कुठलाही खेळ काठावर घेऊ नये. आमराईसारखी झाडांची, सपाट, शहरातलीच जागा तिथं बरी. महापूर ओसरल्यावर काठाला साचणारा मऊ गाळ मातीकामाला फार मोहवतो, पण त्यात शहरभराचं सांडपाणी मुरलेलं असतं. तो लगेच मुलांच्या हातात देऊ नये. आणि सागरेश्वरचं अभयारण्य सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी राखून ठेवावं.

जागा ठरली तरी दर आठवड्याला आदल्या दिवशी दोघींनी जाऊन पाहणी करायची. तिला पाऊण तास लागतो आणि ती टाळायची नाही. आधी वर बघायचं: वाळलेली, लोंबणारी फांदी आहे का, आग्या मोहोळ बसलंय का. मोहोळ आठवड्याभरात नवीन बसू शकतं, त्यामुळे मागच्या बुधवारी नव्हतं याला काही अर्थ नाही. ते दिसलं तर त्या झाडापासून लांब दुसरी जागा शोधायची, धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही. मग कमरेच्या उंचीला बघायचं: काटेरी फांद्या, शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे पुंजके, वेलीवर खाजकुयलीच्या तपकिरी लवदार शेंगा. सगळ्यात शेवटी खाली: फुटक्या बाटल्या, बिळं, शेण, काँग्रेस गवत. काँग्रेस गवत फुलायच्या आत हातमोजे घालून उपटून टाकलं, नाहीतर अंगाला खाज सुटते.

विषारी झाडांची यादी आम्ही पाठच केली: धोतरा, पिवळी आणि गुलाबी कण्हेर, गुंज, एरंड, मोगली एरंड, कळलावी, रुई. यात मोगली एरंड सगळ्यात फसवा आहे. बी शेंगदाण्यासारखं लागतं, त्यामुळे मुलं एक खाऊन थांबत नाहीत. कुंपणाला तो जागोजाग लावलेला असतो. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून रुईचं पान तोडायचं नाही. तिच्या उडणाऱ्या म्हाताऱ्या मात्र हव्या तेवढ्या पकडाव्यात. मुलांसाठी नियम एकच: ताईनं हातावर ठेवल्याशिवाय तोंडात काही नाही. "हे चालतं, ते चालत नाही" असं या वयाला शिकवू नये. करवंद चालतं म्हटलं की घाणेरीचं फळही करवंदच वाटतं.

आता दोरी. चालताना मुलांनी धरायची ही दोरी सुती हवी, करंगळीएवढी जाड. नायलॉनच्या दोरीनं तळहात सोलतात. तिला दर दोन फुटांवर एक गाठ मारायची आणि प्रत्येक मुलाची एक गाठ ठरवायची. सुरुवातीला आम्ही गाठींऐवजी फासे केले होते, मनगट आत घालायला. पहिल्याच उतारावर एक मूल पडलं आणि मागची-पुढची दोघं त्याच्याबरोबर ओढली गेली. गाठ सुटते, फासा सुटत नाही. गाठ दोन फुटांपेक्षा जवळ असेल तर पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो, लांब असेल तर दोरी लोंबकळून पायात येते. पुढं एक मोठं माणूस, मागं एक, आणि रस्ता ओलांडताना दोघं गाड्यांच्या बाजूला.

तुकड्याची हद्द दाखवायला जुन्या लाल साडीच्या पट्ट्या फाडून झाडांना आणि काठ्यांना बांधल्या, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण अडीच-तीन फुटांवर. मोठ्यांच्या उंचीला बांधलेली पट्टी मुलांना दिसतच नाही. चुन्याची रेघ मारायची नाही, तेच हात डोळ्यांना जातात. पिठाची रेघ मारली तर अर्ध्या तासात मुंग्यांची ओळ लागते. पहिल्या तीन बुधवारी दुसरं काहीच केलं नाही. सगळ्यांनी मिळून हद्दीच्या कडेनं चालायचं, लाल पट्टीला हात लावायचा, आणि टाळ वाजला की झाडाखाली यायचं. टाळ यासाठी की त्याचा आवाज लांब जातो आणि मुलांना तो ओळखीचा असतो. शिट्टीनं मुलं दचकतात. वीसच्या वीस मुलं एका मिनिटात येईपर्यंत पुढचं पाऊल टाकायचं नाही. आम्हाला तीन आठवडे लागले.

पिशवीत काय असतं? पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, साबण, मग, जुने टॉवेल, प्रत्येक मुलाचा एक जादा कपडा नाव घातलेल्या पिशवीत, ओआरएस, चिमटा, बँडेज, स्वच्छ कापड, पालकांच्या नंबरांचा कागद. फोन बंद पडतो, कागद बंद पडत नाही. १०८ नंबर सगळ्यांना पाठ हवा, आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या दवाखान्यात आहे हे जूनमध्येच विचारून ठेवायचं. कपडे पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे, पायांत मोजे आणि बूट. अत्तर, सुगंधी तेल नको. गुरं चरतात तिथं गवतात गोचीड असते, म्हणून घरी आंघोळीच्या वेळी कानामागं, मानेवर, जांघेत बघायला पालकांना सांगितलं. चिकटलेल्या गोचिडीवर तेल ओतायचं नाही की चटका द्यायचा नाही. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची.

शी-शूची सोय कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेली नसते, आणि सगळं तिथंच अडतं. निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचं. तिथं दोन झाडांना दोरी बांधून साडीचा आडोसा, कुदळीनं वीतभर खोल खड्डा, शेजारी माती आणि पाण्याचा मग. आडोसा नसेल तर मुली अवघडून बसतात, पाणी पीत नाहीत, आणि मग उन्हात डोकं दुखायला लागतं. हे पहिल्या महिन्यात लक्षात आलं.

पालकांची तक्रार चिखलाची असते आणि आजीची सर्दीची. समजावण्यापेक्षा आम्ही दर आठवड्याला दोन आज्यांना बरोबरच न्यायला लागलो. टाकळा, केना, कुर्डू, आघाडा त्यांना झोपेतही ओळखू येतात. "टाकळा संध्याकाळी निजतो गं" हे एका आजीनंच सांगितलं, आणि पुढचा आठवडाभर मुलांनी दिवेलागणीला परसातल्या टाकळ्याची मिटलेली पानं बघून सकाळी येऊन सांगितली. चिंचेची पानंही मिटतात हा शोध त्यातूनच लागला.

दोन तासांची घडी अशी बसली. पावणेआठला निघायचं, आठपर्यंत पोचून झाडाखाली गोलात बसायचं. डोळे मिटून मूठ वर धरायची आणि एक आवाज ऐकू आला की एक बोट उघडायचं. तीन वर्षांच्या मुलाला अर्धं मिनिट पुरे, पाच वर्षांच्याला एक मिनिट. जूनमध्ये पावशाचं "पेर्ते व्हा" इथंच कानावर पडतं. मग पाऊण तास मोकळं सोडायचं. त्यानंतर हात धुऊन डबा, डब्यानंतर वीस मिनिटं ठरवलेलं काम, आणि पावणेदहाला परत. सुरुवातीला आम्ही काम आधी आणि मोकळा वेळ नंतर ठेवला होता. सगळं फिसकटलं. नव्या जागी आलेल्या मुलाचं लक्ष चारी दिशांना ओढलं जातं, ते पान हातात धरून दगडाकडं बघत बसतं. आधी मनसोक्त हुंदडून झालं की तेच मूल डब्यानंतर वीस मिनिटं एका मुंगीमागं बसतं. एका मोठ्या माणसाकडं चार मुलं, त्याहून जास्त नाही. तीन वर्षांची मुलं असतील तर तीनच.

मोठ्यांसाठी सगळ्यात अवघड नियम म्हणजे गप्प राहणं. मुलानं "हे काय?" विचारलं की नाव सांगून टाकायची घाई होते. नाव मिळालं की मूल पुढं निघतं, बघणं थांबतं. आम्ही आधी विचारायचो, "तुला कशासारखं दिसतंय?" आघाड्याला त्यांनी चिकटदादा म्हटलं, कारण त्याचं बी चड्डीला चिकटून घरापर्यंत येतं. त्यांची नावं तक्त्यावर लिहिली आणि पंधरा दिवसांनी त्याखाली आपलं नाव लिहिलं. दोन्ही नावं मुलांच्या तोंडात राहिली.

भिंग या वयाला फारसं कामाचं नाही. ते किती अंतरावर धरायचं हे हाताला जमत नाही, आणि कुणीतरी त्यातून सूर्याकडं बघतंच. त्यापेक्षा बांगडी बरी. प्लॅस्टिकची एक बांगडी जमिनीवर ठेवायची आणि फक्त तिच्या आत काय आहे ते बघायचं. भरतकामाची मोठी रिंग घेतली तर मूल उभं राहूनच बघतं. बांगडी लहान असल्यानं त्याला पोटावर पडावं लागतं. तिथंच सगळा फरक पडतो.

पहिला पाऊस पडला की मृगाचे किडे निघतात, लाल मखमलीचे. ते निरुपद्रवी आहेत, तळहातावर चालू द्यावेत, पण काड्यापेटीत भरून घरी नेऊ देऊ नयेत. मातीशिवाय ते मरतात. डबक्यांतल्या बेडकांच्या पिल्लांचे डोळे आणि शेपट्या पांढऱ्या परातीत छान दिसतात. दहा मिनिटं, मग त्याच डबक्यात परत. घोट्याच्या वर पाणी असलेल्या डबक्याजवळ मुलांना न्यायचं नाही, आणि उथळ असलं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं.

दगडाखाली काय आहे हे मुलांना बघायचंच असतं, आणि साताऱ्याच्या माळावर दगडाखाली विंचू निघू शकतो. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेततो. त्यामुळे दगड फक्त मोठ्यांनी उचलायचा, तोही लांब दांड्याच्या आकड्यानं. आकडा दगडाच्या पलीकडच्या कडेला अडकवून दगड आपल्याकडं कलता करायचा. उघडी बाजू पलीकडं राहते, आतलं जे काही असेल ते तिकडं पळतं, आणि दगड आपल्यापुढं ढालीसारखा उभा राहतो. मुलं मागं, पाच पावलांवर. वाणी, गोम, मुंग्यांची पांढरी अंडी बघून झाली की दगड होता तसाच, त्याच खाचेत बसवायचा. उलटा टाकलेला दगड म्हणजे पाच-पन्नास जीवांचं घर मोडणं, हे मुलांना लगेच कळतं. दगड बसला की नाही ते पुढच्या बुधवारी ती स्वतः बघायला जातात.

आषाढात बेंदूर येतो, तेव्हा मातीचे बैल. काळी माती एकट्यानं वापरली तर सुकताना आक्रसते आणि दुसऱ्या दिवशी बैलाचे पाय तडकून पडतात. तीन वाट्या चाळलेल्या काळ्या मातीला एक वाटी बारीक वाळू किंवा चाळलेली राख घातली की तडे कमी जातात. सावलीत सुकवायचे, उन्हात नाही. त्याच दिवशी तीन मातींच्या वळकट्या करून बघितल्या: काळ्या मातीची करंगळीएवढी लांब वळकटी होते, मुरमाची अर्ध्यात तुटते, वाळूची होतच नाही. शिंगं मात्र मातीची करू नयेत. काटक्या खोचाव्यात, नाहीतर वर्गात रडारड होते.

नवरात्रात घरोघरी घट बसतात, त्याचा उपयोग करून घेतला. पत्रावळीवर दोन बोटं माती, त्यावर गहू आणि हरभरा रात्रभर भिजवून पेरलेला. अशा दोन पत्रावळी: एक कोनाड्यात अंधाराला, एक अंगणात. रोज दोघींवर सारखंच पाणी, वाटीभर. पाचव्या-सहाव्या दिवशी कोनाड्यातली रोपं उंच, पिवळट, लवलवती; अंगणातली बुटकी आणि हिरवीगार. "देवापुढचं पिवळं असतंय, आमच्या घरीपण," असं तीन-चार मुलं एकदम म्हणाली. उजेड कमी म्हणून ते उजेडाच्या शोधात उंच वाढतं आणि हिरवं होत नाही. यात चूक होते ती पाण्याची. तांब्यानं ओतलं तर बी कुजतं आणि बुरशी धरते. हातानं शिंपडायचं.

ऑक्टोबर संपता संपता माळावरचं कुसळी गवत पिकतं. मोजे, चड्ड्या, ओढण्या कुसळांनी भरतात आणि सगळे वैतागतात. हा वर्षातला आमचा सगळ्यात लाडका काळ.

एक कुसळ नीट बघा. खाली टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर तपकिरी केस, सगळे मागं वळलेले. त्यामुळे आत शिरतं ते सहजी मागं येत नाही. बियाला बोटाएवढी लांब शेपटी. शेपटीचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला, आणि वरचा भाग कोपरात वाकवल्यासारखा आडवा. लहान मुलांच्या हातात द्यायच्या आधी नखं कापायच्या कटरनं टोक कापून टाकायचं. कुसळ डोळ्यात जायला वेळ लागत नाही. मग लिंबाएवढा कणकेचा गोळा करायचा, त्यात बी खोचायचं आणि शेपटी सरळ वर उभी ठेवायची. ड्रॉपरनं पिळाच्या भागावर पाण्याचे दोन-तीन थेंब सोडायचे. आणि हात मागं घ्यायचा.

आधी काहीच होत नाही. मुलं गोळ्याला नाक लावून बसलेली. मग आडवी शेपटी हलकेच थरथरते, आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरायला लागते. चार वर्षांची एक मुलगी श्वास धरून बघत होती. फेरी अर्धी झाली तशी ओरडली, "बाई, नाचतंया ओ!" पिळातल्या पेशी पाणी पितात, एका बाजूनं जास्त, दुसऱ्या बाजूनं कमी फुगतात, आणि पीळ उलगडतो. उन्हात वाळलं की परत पिळतं, शेपटी उलटी फिरते. रात्रीचं दव, दुपारचं ऊन, पुन्हा दव, असं करत कुसळ स्वतःला मातीत खुपसून घेतं. हे एवढं सगळं मुलांना सांगायचं नाही. त्या मुलीनं दुसऱ्यांदा पाणी घातलं, तिसऱ्यांदा घातलं, मग ओलं कुसळ उन्हात दगडावर ठेवून आली. ते परत फिरलेलं बघायला ती डबासुद्धा हातात घेऊन तिथंच बसली.

इथं चुका ठरलेल्या आहेत. पाणी जास्त झालं की कणीक मऊ पडून सगळंच कलंडतं. हिरवं कुसळ फिरत नाही, ते तपकिरी आणि कडक हवं. पावसाळी, दमट दिवशी पीळ आधीच अर्धा सुटलेला असतो, त्यामुळे कोरडी सकाळ निवडायची. आणि कुसळं मूठभर गोळा केली तर शेपट्या एकमेकींत अडकून गुंता होतो, मग एकही धड सुटत नाही. कागदावर सुटी सुटी ठेवायची.

थंडीत उंबर. "उंबराचं फूल झालास की रे" असं आपण न दिसणाऱ्या माणसाला म्हणतो, आणि ते फूल रोज पायाखाली तुडवतो. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. यासाठी फळ निवडणं हेच कसब. अगदी हिरवं कापलं तर आत काही कळत नाही, लाल पिकलेलं कापलं तर आतले कीटक उडून गेलेले असतात आणि मुंग्या शिरलेल्या असतात. हिरव्यावर नुकती तांबूस झाक आलेलं, भोक न पडलेलं फळ हवं. चारपाच काढावीत, एखादंच बरोबर निघतं. पांढऱ्या ताटलीत, सुरी मोठ्यांच्या हातात, उभं दोन भाग. आत बारीक फुलांची दाटी, आणि त्यातून तिळापेक्षा लहान काळे कीटक पंख झाडत बाहेर येतात. काहींना पंखच नसतात. ते नर, ते आतच राहतात. मादी एका फळातून पराग घेऊन दुसऱ्या फळात शिरते, तेव्हाच उंबराला बी धरतं. मुलं पहिल्यांदा "ई" करून मागं सरतात. थांबावं. ताटली तिथंच ठेवावी. मिनिटभरात सगळ्यांची डोकी तिच्यावर येतात, आणि मग ती आपटू नयेत हे बघावं लागतं.

पानांचे ठसे सगळेच करतात, त्याबद्दल दोनच गोष्टी. पान शिरांची बाजू वर करून ठेवायचं, आणि मेणाच्या खडूचं वेष्टण काढून तो आडवा फिरवायचा. तेलखडूनं नुसतं फासलं जातं. कागद झेरॉक्सचा पुरे, चित्रकलेच्या जाड कागदावर शिरा उठत नाहीत.

पिंपळाचं जाळीदार पान करायचं तर जून, गडद पान घ्यावं, कोवळं फाटतं. बादलीत तीन ते चार आठवडे भिजत ठेवायचं, पाणी चार दिवसांनी बदलायचं. बादली कापडानं घट्ट बांधून ठेवली पाहिजे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात, आणि बालवाडीत ती बादली कुणाच्या लक्षातही राहत नाही. पान बुळबुळीत झालं की ताटात पाणी घेऊन मऊ ब्रशनं गर हलकेच सुटा करायचा. वास येतो. हे काम मोठ्यांनी करावं, मुलांनी फक्त शेवटचं धुणं.

मुंग्यांची मेजवानी सोपी आणि भरवशाची. चार पानांवर चिमूट चिमूट गूळ, मीठ, शेंगदाण्याचं कूट, डाळ. एकमेकांपासून वीतभर लांब. मुंग्या यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि मुलं चार मिनिटांत कंटाळतात. म्हणून पानं डब्याच्या आधीच मांडून ठेवायची. लाल मुंग्यांच्या वारुळाजवळ मांडू नये, चावतात.

फेब्रुवारीत पांगारा, काटेसावर, पळस लाल होतात आणि फुलांवर साळुंक्या-बुलबुलांची गर्दी होते. तेव्हा काही करून घ्यायचं नाही. झाडाखाली चटई टाकून उताणं झोपायचं, वर बघायचं. पडलेलं फूल मात्र उचलून द्यावं. पळसाचं फूल पाण्यात कुस्करलं की पिवळा-केशरी रंग सुटतो, धुळवडीला कामी येतो.

मार्च लागला की माळावरचं गवत वाळून काडी होतं आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. साडेनऊलाच ऊन चढतं. पंधरा मार्चला आम्ही शेवटचा फेरा करतो. लाल पट्ट्या सोडायच्या, दोरी धुऊन वाळत घालायची, खड्डे बुजवायचे. शेवटचं काम कुसळांचं: दहा-दहा कुसळं वर्तमानपत्राच्या घड्यांत सुटी पसरून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, डब्यात तांदळाची एक पुरचुंडी. झाकण सैल राहिलं तर जूनच्या दमट हवेत ती आतल्या आत उलगडून एकमेकींत गुंततात, आणि पावसानं वर्गात अडकलेल्या पहिल्या बुधवारी दाखवायला काही उरत नाही.